ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र: नागपूरचं व्होल्टेज मे महिन्यात मोजा

माननीय ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात अ‍ॅम्प्लिफायर, टेपडेक, रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करतो. कूलर सुरू झाले की माझ्याकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: सकाळी सेट छान वाजतो, रात्री घुमतो आणि आवाज फाटतो. उघडून बघावं तर आत काही बिघडलेलं नसतं. लाइनच कमी येत असते.

मागच्या मे महिन्यात मानेवाड्याच्या पुढे एका निवृत्त संगीतशिक्षिकेकडे गेलो होतो. रात्री नऊला सॉकेटवर मीटर लावला, तर १७८ व्होल्ट. मीटर त्यांच्याकडेच ठेवून आलो. पहाटे त्यांनी फोनवर आकडा सांगितला, २२८. घरगुती जोडणीला २३० व्होल्ट मिळायला हवेत आणि नियमाने सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे २१६च्या खाली येताच कामा नये.

त्यांच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये (मुख्य यंत्राआधी बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागात) ७८१२ नंबरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग आहे. त्याला १२ व्होल्ट स्थिर द्यायचे तर आत साधारण १४ तरी लागतात. एरवी तिथे १७ असतात. त्या रात्री जेमतेम १३ होते. मग रेग्युलेटर हात टेकतो आणि १०० हर्ट्झची घरघर थेट स्पीकरमध्ये उतरते. बाई म्हणाल्या, "तानपुऱ्याखाली दुसराच कुणीतरी सूर लावून बसलाय, आणि तो षड्जाशी जुळत नाही." आयुष्यभर सूर शिकवलेल्या माणसाला रोज रात्री हे ऐकावं लागणं मला फार लागलं. मुख्य अ‍ॅम्प्लिफायरचंही तेच. १८० व्होल्टवर त्याची ताकद सुमारे ६० टक्क्यांवर येते. मग लोक आवाज वाढवतात, आवाजाची लहर वरून-खालून कापली जाते आणि ट्विटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, जळतो.

साहेब, हा शौकिनांचा हट्ट समजू नका. मोबाइलचे चार्जर, नवे टीव्ही १०० व्होल्टपासून चालतात, म्हणून घरात सगळं ठीक वाटतं. जुना अ‍ॅम्प्लिफायर फक्त आधी बोलतो. त्याच लाइनवर फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि पाण्याची मोटर गरम होत असतात. त्यांची वाइंडिंग जळाल्यावरच घरच्यांना कळतं.

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: स्टॅबिलायझर लावा. तो मीही विकू शकतो, पण हा सल्ला मला पटत नाही. १७८चे २३० करताना स्टॅबिलायझर लाइनमधून जवळपास ३० टक्के जास्त करंट ओढतो. तारेत तेवढी घट वाढते आणि शेवटच्या खांबावरच्या घराचं व्होल्टेज आणखी खाली जातं. मग तेही स्टॅबिलायझर आणतात. एका गल्लीत दहा घरांनी हे केलं, तर अकराव्या घराचा कूलरचा पंपही पाणी चढवत नाही. आणि ज्यांना स्टॅबिलायझर परवडत नाही, तीच घरं बहुतेक शेवटच्या खांबावर असतात. दोष डीपीचा, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरचा आहे, तर खर्च घरांनी का करायचा?

कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं आमच्या शहराला लागून आहेत. त्यांची राख आणि धूर आम्ही सोसतो. त्या बदल्यात पुरेशा व्होल्टेजची वीज मागणं हे काही जास्तीचं मागणं नाही.

हिवाळी अधिवेशनाला आपण डिसेंबरात नागपुरात असता. तेव्हा कूलर माळ्यावर असतात आणि लाइन चांगली असते. म्हणून विनंती आहे की तपासणी मे महिन्यात, रात्री आठ ते अकरा या वेळात, प्रत्येक डीपीच्या शेवटच्या खांबावर व्हावी. नवे स्मार्ट मीटर व्होल्टेजही मोजतात, तेव्हा निम्मी माहिती हाताशी आहेच. ती भागवार लोकांसमोर ठेवा. काही ठिकाणी एकाच फेजवर लादलेली घरं तिन्ही फेजवर वाटली किंवा ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज थोडं वर-खाली करायची जोडणी) बदलला, तरी फरक पडेल. जिथे डीपीवर भारच झेपत नाही, तिथे नवी डीपी बसवावी लागेल. ते काम मार्चच्या आत व्हायला हवं, कारण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हाळ्यात, डीपी बंद ठेवणं कुणालाच परवडणार नाही.

आपला,
एक वीजग्राहक, नागपूर