आघाडी टिकत नाही, त्याचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत कतारने भारतावर केलेल्या त्या वादग्रस्त गोलविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेला लेख वाचला. त्यातला संताप रास्तच आहे. ११ जून २०२४ रोजी दोहात आपला गोलरक्षक गुरप्रीत याने अडवलेला चेंडू रेषेबाहेर गेला होता, आपले खेळाडू थांबलेही होते. तो तसाच एका कतारी खेळाडूने पायाने आत ओढला, युसुफ आयमनने जाळ्यात ढकलला आणि पंचांनी गोल दिला. ज्या सामन्यावर तीन देशांचे भवितव्य टांगलेले आहे, तिथे व्हिडिओ पंच नसावेत, हे आशियाई महासंघाला अजिबात शोभत नाही.

पण दुसऱ्या फेरीतल्या आपल्या चार संघांच्या गटाचा सगळा हिशेब एकाच गोलवर मांडणे मला पटत नाही. गटातले पहिले दोन संघ तिसऱ्या फेरीत जाणार होते. शेवटच्या दिवसाआधीचा तक्ता पाहा. कतार १३ गुणांसह केव्हाच पुढे गेलेला, भारत ५, अफगाणिस्तान ५, कुवेत ४. दुसऱ्या जागेसाठी तिघेही शर्यतीत! आयमनचा गोल धरूनही दोहात १-१ अशी बरोबरी राहिली असती आणि तिकडे कुवेत-अफगाणिस्तान सामना गोलशून्य सुटला असता, तर गोलफरकावर आपणच दुसरे आलो असतो. तसे झाले नाही. कुवेत १-० ने जिंकला आणि आपण ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल खाल्ला. तोही पात्रता आधीच पक्की झाल्याने तरुण खेळाडू उतरवलेल्या कतारकडून.

आता २६ मार्च २०२४ ची गुवाहाटी आठवा. फिफा क्रमवारीत आपल्यापेक्षा चाळीसेक पायऱ्या खाली असलेला अफगाणिस्तान समोर, मैदान घरचे, सुनील छेत्रीचा दीडशेवा सामना. ३८ व्या मिनिटाला त्याच्याच पेनल्टीवर १-० अशी आघाडी. ७० व्या मिनिटापर्यंत ती होती. ८८ व्या मिनिटाला त्यांनीही पेनल्टी मारली आणि आपण १-२ ने हरलो. तेवढी एक आघाडी सांभाळली असती, तर दोहात जे घडले ते जसेच्या तसे घडूनही आपले ८ गुण झाले असते आणि कुवेतचे ७. इतिहासात पहिल्यांदाच आपण तिसऱ्या फेरीत गेलो असतो, आशियातल्या बलाढ्य संघांशी दहा सामने खेळायला मिळाले असते आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे थेट तिकीटही हाती आले असते. ही हळहळ मला दोहाच्या गोलपेक्षा जास्त छळते, कारण गुवाहाटीत आपल्याला कोणी फसवले नव्हते.

सहा सामन्यांत आपले गोल किती? तीन. कुवेतमध्ये मनवीर, गुवाहाटीत छेत्री, दोहात छांगते. यातली आघाडी टिकली ती एकदाच, कुवेतमध्ये. पुढे आशियाई चषकासाठी वेगळी पात्रता खेळावी लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरविरुद्ध पुन्हा छांगतेच्या गोलने १-० आणि शेवटी १-२. गुवाहाटी, दोहा, मडगाव: तिन्हीकडे १-० वरून १-२, तोच आकडा. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल का? पुढे गेलो की आपण मागे सरकतो, दुसऱ्या गोलसाठी जाण्याऐवजी चेंडू लांब फेकत बसतो आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्या दारात बोलावतो, असे मला हे सामने पाहताना सतत वाटत आले आहे.

आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी यावर लिहावे. आघाडीनंतर कोणते बदली खेळाडू आले, बचावफळी किती मागे गेली, मधल्या फळीत चेंडू का टिकला नाही, हे प्रशिक्षकांना आणि माजी खेळाडूंना विचारावे. आणखी एक विनंती: पुढच्या पात्रता फेरीत प्रत्येक सामन्याच्या दिवशी गटाचा पूर्ण तक्ता आणि उरलेले सामने छापावेत. गुवाहाटीच्या सामन्याला किती मोल होते, हे आम्हा वाचकांना जूनमध्ये नव्हे, मार्चमध्येच कळायला हवे होते.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक