घरी बसलेल्याला दंड

तीर्थरूप आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर मी सहज बोलून गेले की यंदा टॅक्सबरोबर आरोग्य विमा नसल्याचा दंड भरला, ६२५ डॉलर, आणि बाबांचा आवाजच चढला. "तिकीट न काढता गाडीत बसला त्याला दंड, हे समजतं. मी एसटीच्या तपासणी पथकात होतो तेव्हा किती जणांकडून वसूल केलाय. पण जो गाडीत चढलाच नाही, घरी बसलाय, त्याला दंड? ही कुठली पद्धत?" तेवढ्यात रेंज गेली. मला हायसं वाटलं, कारण पुढचा प्रश्न मला माहीत होता: पण तुझा विमा का नव्हता? त्याचं उत्तर फोनवर देणं जमलं नसतं, म्हणून हे पत्र.

आधी तुमचा मुद्दा घेते, बाबा. तो अगदी असाच इथल्या सुप्रीम कोर्टात गेला होता. ओबामांच्या २०१०च्या कायद्याने प्रत्येकाला आरोग्य विमा सक्तीचा केला आणि न घेणाऱ्याला टॅक्सच्या वेळी दंड ठेवला. २०१६ साली तो माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यातला जास्त असेल तो, इथपर्यंत गेला होता. विरोधकांचं म्हणणं तुमचंच: जो काही करतच नाही, त्याला विकत घ्यायला कसं लावता? सुनावणीत एका न्यायमूर्तींनी विचारलं होतं, मग उद्या लोकांना ब्रोकोली घ्यायलाही लावाल का? (आई, ब्रोकोली म्हणजे तो हिरवा फ्लॉवर. तू इथे आली होतीस तेव्हा ताटात तसाच ठेवला होतास.) २०१२च्या जूनमध्ये निकाल लागला आणि नऊपैकी पाच न्यायमूर्ती या मुद्द्यावर तुमच्या बाजूने होते. तरीही कायदा टिकला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले, सक्ती करता येत नाही, पण याला कर समजा, आणि कर लावायचा अधिकार सरकारला आहे. म्हणजे तुम्ही वाद जिंकलात आणि खटला हरलात.

पुढे ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत संसदेने हा दंड शून्यावर आणला, २०१९ पासून. कायदा तसाच, दंड शून्य. 'विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे, दंड ० रुपये' अशी पाटी गाडीत लावल्यासारखं. तेव्हा काही राज्यांनी आपापला दंड सुरू केला, त्यात आमचं न्यू जर्सीही आलं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर तो ओबामांच्या आधीपासूनच होता. मी भरला तो न्यू जर्सीचा.

पण बाबा, एका ठिकाणी तुमचा दाखला मला पटत नाही. इथे घरी बसलेला असा कुणी नाहीच. १९८६ पासून कायदा आहे की हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, खिशात काही असो नसो, तपासायचं आणि जीव धोक्यात असेल तर सावरायचं. म्हणजे सगळेच गाडीत आहेत. काहींनी तिकीट काढलंय, बाकीचे म्हणतात आम्ही मध्येच उतरणार. त्यात दुखणाइताला विमा नाकारायचा नाही, असं ओबामांच्या कायद्यात आहे. मग धडधाकट माणूस म्हणणारच की आजारी पडल्यावर बघू. सगळे असं म्हणाले तर हप्ता कुणाला परवडणार?

मीही तेच म्हणाले होते. गेल्या वर्षी मार्चअखेर माझी नोकरी गेली. तुम्हाला सांगितलं नाही. घरून काम करतेय, असं म्हणत राहिले. नोकरीत असताना माझ्या पगारातून विम्याचे महिन्याला १४० डॉलर कापले जायचे, बाकीचं कंपनी भरायची. नोकरी गेल्यावर तोच विमा चालू ठेवायचा तर कंपनीचा वाटाही माझ्यावर, वर २ टक्के, म्हणजे महिन्याला ७९०. राज्याच्या विमा बाजारात स्वस्तातला, कदाचित सवलतीतला मिळाला असता, पण त्याला ६० दिवसांची मुदत होती आणि मला वाटत होतं नोकरी काय, पंधरा दिवसांत मिळेल. मुदत गेली. एप्रिल ते ऑगस्ट मी तशीच होते.

जुलैत एका रात्री पोटात उजव्या बाजूला कळ यायला लागली. अकरा वाजता गाडी काढली आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीसमोर जाऊन थांबले. आत गेले नाही. काच खाली करून चाळीस मिनिटं बसले. समोर लाल अक्षरांची पाटी, दार आपोआप उघडतंय, मिटतंय, आणि मी फोनवर अपेंडिक्सची लक्षणं वाचतेय, मग स्कॅनचा खर्च, मग पुन्हा लक्षणं. मघाशी लिहिलेला तो कायदा मला तेव्हाही माहीत होता. आत घेतील, तपासतील, हेही माहीत होतं. पण बिल नंतर घरी येतंच. एक सिक्युरिटीवाला येऊन विचारून गेला, बाई, ठीक आहात ना? मी म्हणाले, कुणाची तरी वाट बघतेय. घरी येऊन गरम पाण्याची पिशवी घेतली. पहाटे कळ थांबली. कशामुळे आली होती ते आजतागायत कळलेलं नाही. सप्टेंबरात नवी नोकरी लागली, तिच्याबरोबर विमाही आला.

बाबा, तुम्ही असंही म्हणालात की दंड घेण्यापेक्षा सरकारने सरळ आपला दवाखाना काढावा. सगळ्यांसाठी सरकारी दवाखाने नाहीत, पण सरकारी विमा आहे, म्हाताऱ्यांना आणि गरिबांना. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मेडिकेअरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या विम्याच्या, कायद्यावर सही करायला मुद्दाम माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या गावी गेले आणि त्यांनाच पहिला लाभार्थी केलं, कारण सगळ्यांसाठी विमा हवा म्हणून ट्रुमन वीस वर्षांपूर्वी भांडले होते. माझ्या शेजारच्या बाई पासष्ट वर्षांच्या झाल्या आणि त्यांच्या बोलण्यातून हप्ता हा विषयच गेला. ओबामांच्या वेळी सगळ्यांना खुला असा एक सरकारी विमाही ठेवायचं घाटत होतं. सिनेटमध्ये मतं जुळेनात म्हणून तो गाळला. मला विचाराल तर घोडं तिथेच पेंड खातं. तुम्ही दोघं इकडे कायमचे आलात तरी ग्रीन कार्डावर पाच वर्षं काढल्याशिवाय मेडिकेअर नाही, आणि मग पूर्ण हप्ता. म्हणून मी हल्ली 'या' असा आग्रह धरत नाही.

आता खरं सांगायचं ते. बाबा, तुम्ही ७२ वर्षांचे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळतं. आशाताई दोनदा दारात येऊन गेल्या आणि तुम्ही त्यांना "ते गरिबांसाठी, आपल्याला नको" म्हणून परत पाठवलंत, हे मला आईने सांगितलं. मग आई अर्ध्या तिकिटात आजोळी जाते तेव्हा तिला का नाही अडवत? ती योजना तुमच्याच महामंडळात चालते. मी गाडीत बसले होते ना चाळीस मिनिटं, तेव्हा माझ्याही डोक्यात असंच काहीतरी होतं, आपल्याला काय होणार म्हणून.

आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढंच लागतं. आईला सत्तरी यायला अजून चार वर्षं आहेत, पण महात्मा फुले योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डवालेही आहेत. मिरजेला जाल तेव्हा योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे आईच्या गुडघ्याचं विचारून घ्या. बाहेरून घेतलेली औषधं, नुसती तपासणी यात बसत नाही, ते पैसे मी पाठवतेच आहे.

कार्ड हातात आलं की फोटो पाठवा. आणि आई, पोटदुखीचं प्रकरण मावशीला सांगू नकोस. ती लगेच काढे लिहून पाठवेल.

तुमची,
चिमी