अर्धी व्हीनस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला प्रेमदेवता व्हीनसवरचा लेख आवडीने वाचला. पण सोबतचे इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीचे ‘व्हीनसचा जन्म’ हे शिंपल्यावर उभ्या व्हीनसचे चित्र खांद्यापाशी कापून छापले आहे. लेखकाने तिच्या उभे राहण्याच्या ढबीवर अख्खा परिच्छेद खर्ची घातला आणि वाचकाच्या वाट्याला आली ती नुसती मान आणि उडणारे केस!

अंक घरोघरी जातो, लहान मुलेही तो चाळतात, हे मला कळते. पण जे झाकायचे ते चित्रकाराने आधीच झाकून दिले होते. एक हात छातीवर आहे, दुसऱ्या हाताने केसांची जाड बट पुढे ओढली आहे. शिवाय उजवीकडून ऋतुदेवता फुलाफुलांचे वस्त्र घेऊन लगबगीने आली आहे. पुढच्या क्षणी ती व्हीनसच्या अंगावर पांघरणार. सगळे चित्र त्या एका क्षणावर तोललेले आहे, आणि कात्रीत गेले ते नेमके वस्त्रच.

अर्थात ही कात्री काही आजची नाही. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात प्रॅक्सिटेलिस या ग्रीक शिल्पकाराने याच देवतेच्या, म्हणजे ॲफ्रोडाइटीच्या, दोन मूर्ती घडवल्या, एक सवस्त्र आणि एक विवस्त्र. किंमत दोन्हींची सारखीच. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की कोस बेटावरच्या लोकांनी सोवळी मूर्ती पसंत केली आणि उरलेली निडोस या ग्रीक शहरातल्या लोकांनी नेली. पुढे ती पाहायला लोक समुद्र ओलांडून येऊ लागले. निकोमिडिस राजाने तर तिच्या बदल्यात शहराचे सगळे कर्ज फेडायची तयारी दाखवली, तरी निडोसकर बधले नाहीत. मूळ मूर्ती आज नाही, पण रोमन काळातल्या नकलांवरून ती कशी होती ते कळते. कोसकरांच्या मूर्तीची, हीच ती म्हणावी, अशी नक्कलसुद्धा राहिलेली नाही.

अंग झाकणारा तो प्रसिद्ध आडवा हात या निडोसच्या मूर्तीपासून चालत आला. लेखात त्याला ‘लज्जा’ म्हटले आहे. मला ते इतके सरळ वाटत नाही. निडोसची देवी स्नानाच्या वेळची आहे. शेजारी पाण्याचे भांडे, एका हातात वस्त्र. ती ते ठेवते आहे की उचलते आहे, यावर जाणकारांचे अजून एकमत नाही. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या मिलोच्या व्हीनसबाबत तर हातच नाहीत, म्हणून प्रत्येकाने आपापल्या कल्पनेने ते बसवले. ती १८२० साली मिलोस बेटावर सापडली, तेव्हा बैठकीच्या एका तुकड्यावर अँटिओकच्या शिल्पकाराचे नाव होते. ते नाव प्रॅक्सिटेलिसच्या काळाचे नव्हते, बरेच उशिराचे होते; मूर्ती त्या काळाची मानू पाहणाऱ्यांना ते अडचणीचे होते. हा तुकडा नंतर लूव्ह्रमधून नाहीसा झाला. गैरसोयीचे ते कापायचे, ही सवय फक्त वर्तमानपत्रांचीच आहे असे नाही.

या चित्रांवर आक्षेप घेणारे सगळेच सोवळे असतात, असेही मी म्हणणार नाही. स्पॅनिश चित्रकार वेलास्केथची पाठमोरी व्हीनस लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १९१४ साली मेरी रिचर्डसन या स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या कार्यकर्तीने तिच्यावर सत्तुराने वार केले. कारण होते त्या चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांची अटक. पण पुष्कळ वर्षांनी तिने हेही सांगितले, की पुरुष प्रेक्षक दिवसभर त्या चित्राकडे टक लावून पाहत, ते तिला आवडत नसे. सत्तूर मला मान्य नाही. तिचे म्हणणे मात्र खोडून काढणे कठीण आहे, आणि लेखात त्याला दोन ओळी मिळायला हव्या होत्या.

‘आपल्याकडे हे चालत नाही’ असे कोणी म्हणेल, म्हणून एक आठवण करून देते. इटलीतल्या पाँपेई या रोमन शहराच्या अधिकृत नावातच व्हीनस होती. १९३८ साली तिथे वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या अंगावर दागिने भरपूर आहेत, वस्त्र जवळजवळ नाहीच. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता यक्षी म्हणणारे पुष्कळ आहेत. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती मिळाल्या त्या आपल्या भोकरदनला आणि तेरला. दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यात ‘हे’ चालत होते, एवढे तरी दिसते.

मी एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुले बसवली. नववीच्या वर्गात हेच चित्र मी पूर्ण लावत असे. पहिली दोन मिनिटे मागच्या बाकांवर खुसखुस चाले. मग एकदा एका मुलीने विचारले, “बाई, ही शिंपल्यावरून पडत कशी नाही?” खरोखरच, सगळा भार एका पायावर आणि शरीर इतके कलते, की जिवंत बाई तशी उभी राहिली तर पाण्यात पडेल. मान वाजवीपेक्षा लांब, डावा खांदा पार उतरलेला. बोत्तिचेल्लीला शरीरशास्त्रापेक्षा रेषा प्यारी होती. उरलेला तास आम्ही सगळे एका पायावर उभे राहून तोल सांभाळत होतो!

खांद्यापाशी कापलेल्या चित्रावरून हा प्रश्न कोणालाच सुचणार नाही. तेव्हा पुढच्या रविवारी ते एकदा पूर्ण छापावे, ही विनंती. मूळ चित्र साधारण पावणेदोन मीटर उंच आणि पावणेतीन मीटर रुंद आहे. स्तंभात बसत नसेल, तर पानभर आडवे छापा.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा