ही वाकळ द्यायची नाही

फोंडा (गोवा), रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दादा उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय. त्याच्याबरोबर निळ्या पिशवीत एक बोचकं पाठवतेय. ते सोडायच्या आधी हे पत्र वाचा. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा आणि आईला न आवडणारी वाक्यं गाळू नका.

पिशवीत वाकळ आहे. आई, ती तुम्हा दोघांसाठी आहे आणि ती कुणालाही द्यायची नाही.

आधीच सांगून टाकते, कारण मागचा सगळा हिशेब माझ्याकडे आहे. पहिला टेबल रनर शिवला, त्यावर मशीनवर शेवंतीची फुलं काढली होती. तो दूधवाल्याच्या मुलीच्या रुखवतात गेला. चार उशांचे अभ्रे तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळच्या नर्सबाईंना दिलेस. बाई गुणी होत्या, मान्य, पण चारही? आणि बाबांच्या गुडघ्यांसाठी पाठवलेलं छोटं पांघरूण मला व्हॉट्सॲपवर सापडलं, आत्याच्या सोफ्यावर. वर मांजर झोपलेलं. मी फोन केला तर म्हणालीस, "तिला फार आवडलं गं, मग काय नाही म्हणू?" तेव्हाच ठरवलं, आता असं काही करायचं की तुला देताच येऊ नये.

गेल्या मे महिन्यात आजऱ्याला आले होते तेव्हा ट्रंक रिकामी करून तू मला एक गाठोडं दिलंस, "फडकी कर पुसायला" म्हणून. फडकी केली नाहीत. त्यात तुझी हिरवी इरकल होती, दोन सुती साड्या आणि बाबांचे ऑफिसचे रेघांचे सात शर्ट. शर्टांच्या कॉलर विरलेल्या, पण पाठीचं कापड अजून घट्ट. माणूस खुर्चीत टेकून बसतो तरी पाठ कशी शाबूत राहते, बाबाच जाणोत. बहुतेक ते टेकून बसतच नसावेत.

सगळ्याचे साडेसहा इंचाचे चौकोन कापले. प्रत्येक कडेला पाव इंच शिवणीत जातं, म्हणजे तयार चौकोन सहा इंचाचा. दहा आडवे, पंधरा उभे, एकूण 150. मग 60 बाय 90 इंचांचं अंग तयार होतं. पाव इंच ऐकायला काहीच नाही, पण दर शिवणीत एक दोरा इकडेतिकडे झाला की पंधराव्या चौकोनाशी अर्धा इंच चुकतो आणि कोपरे जुळत नाहीत. माझे चार-पाच ठिकाणी जुळलेले नाहीत. तू पहिल्यांदा तेच बघशील, म्हणून आधीच कबूल करते. इरकलीचा पदर रेशमी असल्यानं कापताक्षणी सुटायला लागला. त्याच्या मागे शिंपी कॉलरला लावतात ते फ्युजिंग इस्त्रीनं चिकटवलं, तेव्हा कुठे धीर धरला त्यानं.

पाठीला लाल चौकड्यांचं सुती कापड लावलंय, इथल्या कुणबी साडीच्या नक्षीचं. तू पूर्वी इथे शेतात बायका बघितल्या होत्यास ना, आखूड साडी, खांद्यावर गाठ मारलेली? तीच. वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्या डिझायनरनं ती साडी फॅशन शोमध्ये नेली आणि मग पणजीच्या दुकानांतून ती दिसायला लागली. माझं कापड हातमागाचं नाही, साधं यंत्रमागाचं आहे, बाबांनी किंमत विचारायच्या आधी सांगते. लाल रंग मात्र जातो. मीठ आणि व्हिनेगर घातलं की रंग बसतो असं सगळेच सांगतात, पण आजच्या रंगांवर त्याचा काही परिणाम होत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं हाच उपाय. तीनदा धुतलं, चौथ्यांदा पाणी निवळ आलं. न धुता शिवलं असतं तर पहिल्याच धुण्यात बाबांच्या शर्टांचे चौकोन गुलाबी झाले असते.

आता तुझ्या मुद्द्याकडे येते. तू नेहमी म्हणतेस, मशीनची वाकळ पुठ्ठ्यासारखी होते. खरं सांगू? बरोबर आहे तुझं. दाट टाके घातले की कापड ताठ होतं, हालत नाही, अंगाला लपेटत नाही. तुझ्या धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये कापडाला श्वास घ्यायला जागा राहते. म्हणून मी ओळी चार चार इंचांवर घातल्या आणि टाका लांब ठेवला, साडेतीन मिलिमीटरचा. आधी मशीनच्या साध्या फूटनं, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीनं, शिवायला गेले तर वरचा थर पुढे सरकत गेला आणि शेवटाला चुण्या पडल्या. दोन संध्याकाळी नुसतं उसवण्यात गेल्या. मग वॉकिंग फूट आणला. खालचे दाते खालचं कापड ओढतात, हा वरून वरचं ओढतो, म्हणजे तिन्ही थर बरोबरीनं चालतात. बैलजोडीसारखं. तरी तुझ्या हाताची सर नाही, हे लिहून ठेवते.

आत कापूस घातला नाही. कापसाची वाकळ ओली झाली की तुला उचलणार नाही, आणि तू कुणाला हाक मारणार नाहीस, हेही मला माहीत आहे. वॅडिंग, म्हणजे आत भरायचा तयार थर, घातलाय, पातळ, चौरस मीटरला 100 ग्रॅमचा. सगळी मिळून दीड किलोच्या आत भरते. बाबा, काट्यावर टाकून बघा, तुम्हाला राहवणार नाहीच.

मध्यंतरी सिद्दी बायकांच्या वाकळा बघितल्या. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत हे लोक राहतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, आणि पुढे इथून पळून घाटावरच्या रानात गेलेले. त्या वाकळीला कवंदी म्हणतात. शिवायची रीत अशी की कडेपासून सुरू करून आत आत यायचं, मध्यावर संपवायचं, आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची फुलं लावायची. फुलांशिवाय वाकळ त्यांच्या लेखी नागडी. ते बघताना मला तुझी सवय आठवली. शेवटची कड बंद करायच्या आधी तू कोपऱ्यात चपातीचा तुकडा सरकवायचीस, "वाकळ उपाशी राहू नये, नाहीतर माणसाची झोप खाते" म्हणून. लहानपणी मला वाटायचं मुंग्या येतील. आल्या नाहीत कधी. बहुतेक त्याही तुला घाबरत असाव्यात.

आता मुख्य गोष्ट. डाव्या कोपऱ्यातला चौकोन नीट बघ. त्यावर बाबांच्या आकाशी शर्टाच्या कापडावर लाल दोऱ्यानं अक्षरं आहेत: "ही वाकळ द्यायची नाही".

आधी फक्त "आईची" असं काढणार होते. मग मनात आलं, तू म्हणशील, कुणाच्याही आईची चालेल की! म्हणून सरळ पूर्ण वाक्य.

या चार शब्दांनी मला जेवढं रडवलं तेवढं 150 चौकोनांनी नाही. मशीनमध्ये अक्षरं असतात, पण सगळी इंग्रजी. मराठी हवं तर संगणकावर एकेक अक्षर टाक्यांत बसवावं लागतं. इंकस्टिच नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात केलं. पहिल्या खेपेला शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली. कारण टाके कापडाला आत ओढतात, पडद्यावर चिकटलेली दिसणारी रेघ कापडावर आखडते. मग रेघा एकमेकींवर चढवून काढाव्या लागल्या. "द्या" तर तीनदा बिघडला. एकदा "द" वेगळा आणि "या" वेगळा आला, म्हणजे "ही वाकळ द यायची नाही". ते वाचून तुझा जावई अर्धा तास हसत होता. मी नाही.

भरतकाम चौकोनावरच उरकायचं असतं, वाकळ जोडायच्या आधी. तिन्ही थरांवर केलं तर खालची बाजू विद्रूप दिसते आणि आतलं वॅडिंगही दबतं. कापडाच्या मागे स्टॅबिलायझर, म्हणजे आधाराचा थर, लावून फ्रेममध्ये ढोलकीच्या कातड्यासारखं ताणायचं. साडेतीन हजार टाके, मशीन मिनिटाला सहाशे घालतं, म्हणजे सहा मिनिटांचं काम. ते झालं तीन दिवसांत. पहिल्या दिवशी "वाकळ"च्या "ळ"वर वीज गेली. इथे पावसाळ्यात ती पाहुण्यासारखी येते. मशीन पुन्हा सुरू केलं तेव्हा ते टाका विसरलं होतं आणि मी धसमुसळेपणानं फ्रेम हलवली होती. चौकोन फुकट. दुसऱ्या दिवशी बॉबिनपाशी दोऱ्याचा गुंता झाला आणि सुई मोडली. दमट हवेनं पाकिटातल्या सुयांनाही गंज धरलेला होता. आता त्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवते. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वैनी वर आल्या. चवथीला त्यांच्या गणपतीच्या मखरामागचा पडदा मी भरून दिला होता, माटोळीच्या, म्हणजे इथे गणपतीच्या वर टांगतात त्या फळांची वेलबुट्टी काढून. त्या माझ्या शेजारी शांत बसून राहिल्या, आणि त्या दिवशी अक्षरं नीट आली. शेवटचा टाका पडला तेव्हा म्हणाल्या, "देव बरें करूं." त्यांनी वाक्य वाचलं आणि विचारलं, "असं का लिहिलंय?" सगळं सांगितलं. तर म्हणतात, "माझ्या आईलापण एक करून दे, हेच वाक्य."

बाबा, तुमच्यासाठी हिशेब. पाठीचं कापड पाच मीटर, 800 रुपये. वॅडिंग 350. दोरे, फ्युजिंग, सुया धरून 400. मोडलेल्या सुया आणि फुकट गेलेले चौकोन मी धरलेले नाहीत, तुम्हीही धरू नका. वॉकिंग फूट पुढेही लागणार आहे, तो या वाकळीच्या खात्यावर नको. शिलाई लावायची नाही. मशीन महाग आहे हे मला ठाऊक आहे, त्यावर आपलं एकदा बोलणं झालेलं आहे.

धुताना गार पाणी, साधी पावडर, पिळायची नाही. सावलीत दोरीवर दुहेरी घालायची. भरतकामावरून सरळ इस्त्री फिरवू नका, उलट्या बाजूनं करा. आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवण्यासाठी ती नाही. आजऱ्यात थंडी पडली की दोघांच्या अंगावर दिसली पाहिजे. दादाला फोटो काढायला सांगितलंय.

एक राहिलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात कड मी चार बोटं उघडी ठेवलीय. तिथे सेफ्टी पिन लावलीय, ती टोचेल, सांभाळ. चपातीचा तुकडा तुझ्या हातचा पाहिजे, तो इथून पाठवला असता तर घाट चढेपर्यंत त्याला बुरशी आली असती. तुकडा घाल आणि कड तूच शिव. ऑपरेशननंतर सुईत दोरा ओवायला तुला त्रास होतो, म्हणून सहा सुया दोरा ओवून फडक्यात टोचून पाठवल्यात. त्यातल्या पाच चुकल्या तरी सहावी आहे. आणि अर्धवट वस्तू तू कुणाला देत नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून वाटलं तर शिवू नकोस, तशीच राहू दे.

दिवाळीला येतेच आहोत.

तुमची लेक

ता. क. आत्याला थंडी वाजत असेल तर तिच्यासाठी वेगळी शिवते. मांजराचंही माप पाठव.