श्रीखंडाचे सात डबे

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गणपतीतच बोलणार होते. पण घरात पंधरा माणसं, आणि आई, तू काही कट्ट्यापासून हलत नव्हतीस. फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात. म्हणून लिहायला बसले. विषय आपला फ्रिज. हसू नका.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चहासाठी दूध शोधत होते, तर श्रीखंडाचे सात डबे निघाले. एकात आमटी, एकात नारळाचा चव, एकात वाटण, एकात भिजवलेले वाल, एकात बाबांचं इन्सुलिन आणि एकात चक्क श्रीखंड. सातवा मी उघडला नाही.

आधी इन्सुलिनचं सांगते. तो डबा फ्रीझरच्या खालच्या ट्रेमध्ये होता. आपल्या एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझर सोडला तर सगळ्यात जास्त गारठा तिथेच असतो. कुपी हलवून पाहिली तर आत बर्फ. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावर तसंच दिसलं तरी त्याचा भरवसा राहत नाही. बाबा, ती कुपी मी तुम्हाला न सांगता टाकली आणि नवी आणून ठेवली. न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ अंश लागतात. मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवू नका. आणि श्रीखंडाच्या डब्यात तर नकोच. पाहुण्यांची पोरं डबा दिसला की चमचा घेऊन येतात.

आता आई, तुझा भात. रात्री उरला की तू पातेलं झाकून कट्ट्यावर ठेवतेस आणि सकाळी फोडणीला टाकतेस. मी त्याच भातावर वाढले, त्यामुळे तुझं उत्तर मला पाठ आहे. पण तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. भात उबेत राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष सकाळच्या फोडणीनेही जात नाही. एप्रिलमध्ये बाबांना दोन दिवस उलट्या झाल्या आणि आपण बिचाऱ्या फणसाला बोल लावला. भातच कारण होता असं मी म्हणत नाही, पण त्या रात्रीचं पातेलं कट्ट्यावरच होतं, हे मला आठवतंय. जेवणं झाली की भात ताटात पसर, वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये टाक. दोन तासांच्या आत, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर तासाभरातच. मालिका संपेपर्यंत थांबू नकोस. फोडणीच्या भाताला तसाही गार, सुटा भातच बरा लागतो. आमटीलाही हेच लागू. खोल पातेल्यात ती मध्यभागी तासन् तास कोमट राहते, म्हणून दोन पसरट भांड्यांत काढ. फ्रिजमध्ये गेली तरी तीन-चार दिवसांत संपव.

बाकी बारीकसारीक आहे. दूध दारात ठेवू नका, दार उघडलं की आधी तीच जागा तापते. मासळी झाकणाच्या डब्यात सगळ्यात खाली ठेवा, म्हणजे तिचं पाणी कोथिंबिरीवर गळणार नाही. बटाटे बाहेरच बरे. आणि फ्रीझरचा बर्फ सुरीने खरवडू नकोस गं, नळी फुटली की गॅस गेला!

लाइटीचं काय ते बाबांकडे सोपवते. पावसात आपल्याकडे ती गेली की कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक. दार उघडलं नाही तर खालचं अन्न चारेक तास टिकतं. चांगला फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस तग धरतो, अर्धा असेल तर एक. आपला म्हातारा झालाय, त्याचं थोडं कमीच धरा. बाबा, एका वाटीत पाण्याचा बर्फ करा आणि त्यावर रुपयाचं नाणं ठेवून वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. चार दिवस कुठे जाऊन आलात आणि नाणं तळाला गेलेलं दिसलं, तर समजा मागे सगळं वितळून परत गोठलंय. मग आतली मासळी खायची नाही.

दुसरं काम, पोस्टात छत्तीस वर्षं तारखेचे शिक्के मारलेत, आता डब्यांवर मारा. चिकटपट्टी आणि बॉलपेन पुरे.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण फ्रीझरमध्ये आहे. आमरसाची नऊ पाकिटं मोजली मी. वरची यंदाच्या मेची, तळाची कधीची ते तुलाही सांगता येईना. वर पांढरं बर्फ धरलेलं, आत रस खरखरीत. शिवाय सुरमईचे तुकडे, सोललेल्या फणसाच्या आठळ्या, ओले काजूगर. सगळं "ती येईल तेव्हा". मी वर्षातून दोनदा येते, आई. आणि मधले दहा महिने तुम्ही दोघं कालची आमटी गरम करून जेवता.

यंदाची पाकिटं काढा आणि या रविवारी पुऱ्या कर. पाकीट आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेव, कट्ट्यावर नको. बाबांना वाटीभरच दे. काजूगरांची उसळ शेजारच्या काकूंना बोलावून करा. मी दिवाळीला येतेय, तेव्हा मला रिकामा फ्रीझर दाखवा. सुरमई बंदरावरून ताजी आणू, मी आणि बाबा जाऊ सकाळी.

तुमची,
बेबी

ता. क. सातव्या डब्यात काय होतं ते कळवू नका. न उघडता टाका. डब्यासकट.