एकदम अख्खी वंशावळ नको

महोदय,

घराण्याचा इतिहास फेसबुकवर मांडणारे बहुतेक जण अख्खी वंशावळ एकदम टाकतात आणि ती कोणी वाचत नाही. त्यापेक्षा गावाच्या ग्रुपवर एकच जुना फोटो टाकावा, खाली गाव, तालुका, अंदाजे साल लिहून ‘डावीकडून तिसरे कोण?’ असे विचारावे. जिल्ह्याचे जुने नावही द्यावे: १९०६च्या खानदेश जिल्ह्याच्या विभाजनानंतरच्या कागदांत धुळे-नंदुरबारकडची गावे ‘पश्चिम खानदेश’मध्ये सापडतात, जळगावकडची ‘पूर्व खानदेश’मध्ये. नातेवाइकांकडून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवावेत, नाहीतर आकार घटून मागची मोडी अक्षरे वाचता येत नाहीत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात. माहेरकडच्या आज्यांची नावे तेव्हाच विचारून घ्यावीत, वंशावळीत नेमकी तीच गळतात. हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र कृपया टाकू नयेत.

— एक वाचक, अमळनेर