पीटीओ बंद केला, पण पातं थांबलं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोळा झाला, पाऊस उघडला, की वरुड-मोर्शी आणि काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागांत गवत कमरेला लागतं. विळ्यानं कापायला मजूर मिळत नाहीत. रोटाव्हेटर फिरवला तर वरच्या फूटभर मातीतली तंतुमुळं तुटतात, आणि झाडाचं खाणंपिणं तर त्यांच्यावरच चालतं. म्हणून मिनी ट्रॅक्टरमागे गवत कापायचं स्लॅशर लावणारे कास्तकार वाढत आहेत. बदल चांगला आहे. कापलेलं गवत तिथंच पडून आच्छादन होतं, ओलही टिकते. मात्र स्लॅशर अनेक ठिकाणी रोटाव्हेटरच्या सवयीनं चालवलं जातं, आणि घात तिथंच होतो.

रोटाव्हेटरची पाती मातीत असतात. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा यंत्र फिरवणारा दांडा, बंद केला की मातीच त्यांना धरून ठेवते. स्लॅशरचं पातं हवेत फिरतं, त्याला धरणारं काहीच नसतं. पीटीओचे फेरे मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला 9. स्लॅशरचा गिअरबॉक्स ते आणखी वाढवतो. चार फुटी कापणीचं पातं मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी 180 किलोमीटर भरतो. इतक्या वेगातलं जड लोखंड पीटीओ बंद केल्याबरोबर थांबत नाही. ते कित्येक सेकंद फिरत राहतं, चांगलं जड असेल तर अर्ध्या मिनिटाहूनही जास्त. इंजिनचा आवाज बंद झालेला असतो, पातं पत्र्याखाली दिसत नाही, आणि माणूस अडकलेलं गवत ओढायला हात घालतो.

शहरातल्या मैदानांवर बसून चालवायची गवत कापायची यंत्रं असतात, त्यांत सीटखाली स्विच असतो. पातं चालू असताना चालक उठला की यंत्र आपोआप बंद पडतं. ट्रॅक्टर-स्लॅशरच्या जोडीत ही सोय सहसा नसते, म्हणून ते काम चालकाच्या सवयीनंच करायचं. पीटीओ काढा, स्लॅशर जमिनीवर टेकवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला आणि मगच खाली उतरा. उतरल्यावरही पात्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत दूर उभे राहा. पात्याचे नट तपासायला किंवा धार लावायला स्लॅशर उचलावंच लागलं, तर खाली बाभळीचे दोन जाड ओंडके सरकवल्याशिवाय डोकं आत घालू नका. हायड्रॉलिकचा भरवसा धरू नये. इंजिन बंद असलं तरी लिव्हरला कोणाचा धक्का लागला की स्लॅशर दाणकन खाली येतं.

फिरत्या पात्याच्या या जोराचा दुसरा परिणाम कमी लोकांना ठाऊक आहे, आणि आमच्या मते तोच सगळ्यांत धोक्याचा. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ आणि चाकं दोन्ही एकाच क्लचच्या मागे जोडलेली असतात. धुरा (शेताचा बांध) जवळ आला म्हणून चालक क्लच दाबतो. इंजिन सुटतं, पण स्लॅशर फिरतच असतं. ते पीटीओमधून उलटं गिअरबॉक्सला ढकलतं आणि गिअरबॉक्स चाकांना. क्लच पूर्ण दाबलेला असूनही ट्रॅक्टर पुढं जात राहतो. चालकाला वाटतं ब्रेक गेला. धुऱ्याशी हे झालं तर तारेचं कुंपण तुटेल. कठडा नसलेल्या विहिरीशी झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

याला उपाय आहे. पीटीओच्या दांड्यावर बसणारा ओव्हररनिंग कपलर मिळतो. सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच त्याचं काम. ट्रॅक्टर स्लॅशरला फिरवतो, स्लॅशर ट्रॅक्टरला फिरवू शकत नाही. ड्युएल क्लचच्या ट्रॅक्टरला याची एवढी गरज नसते, कारण पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं सुटतात, पूर्ण दाबलं की पीटीओही. आपला ट्रॅक्टर कोणता हे माहीत नसेल तर मोकळ्या सपाट वावरात, पुढं दूरवर काही नाही अशा जागी, लो पहिल्या गिअरमध्ये स्लॅशर फिरवत चला आणि क्लच दाबून बघा. ट्रॅक्टर तिथंच थांबला तर ठीक. ढकलत राहिला तर कपलर लावल्याशिवाय बागेत जाऊ नका. तोवर कुठं अडलातच, तर क्लचबरोबर गिअरही न्यूट्रल करा, म्हणजे चाकांशी संबंध तुटतो आणि ब्रेक लागतो.

कपलर बसवताना एक चूक हमखास होते. कपलरमुळं जोडणी काही इंच लांबते, ट्रॅक्टर आणि स्लॅशरला जोडणारा शाफ्ट मात्र जुन्याच लांबीचा राहतो. मग स्लॅशर वर-खाली करताना शाफ्टच्या आतल्या-बाहेरच्या नळ्या शेवटपर्यंत भिडतात आणि दोन्हीकडचे बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचं घर फुटतं. स्लॅशर पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत नेऊन बघावं. नळ्या कुठंच भिडू नयेत, आणि सगळ्यांत लांब ताणलेल्या वेळी निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत राहावा. जास्तीची लांबी दोन्ही नळ्यांची आणि वरच्या कव्हरचीही सारखी कापावी.

कव्हरचा विषय निघाला म्हणून सांगतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर ग्रीस मारायला आड येतं म्हणून काढून गोठ्यात फेकलेलं गावोगाव दिसतं. सात सेंटिमीटर जाडीच्या उघड्या शाफ्टचा घेर साधारण 22 सेंटिमीटर होतो. सेकंदाला 9 फेरे म्हटलं तर तो सेकंदात दोन मीटर कापड गुंडाळतो. खांद्यावरच्या दुपट्ट्याची लांबीही तेवढीच. टोक अडकल्याचं कळून माणूस मागे सरेपर्यंत मान शाफ्टपाशी पोचलेली असते. साडीचा पदर आणि मोकळी ओढणी यांचंही तेच. शिअर बोल्ट (धक्का बसला की स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवणारा बोल्ट) तुटला म्हणून घरातला लांब बोल्ट ठोकला, की त्याचं बाहेर आलेलं टोक कापडाला आकड्यासारखं धरतं. शिवाय तो कडक बोल्ट बुंध्याला पातं धडकल्यावर तुटत नाही, आणि सगळा धक्का गिअरबॉक्स खातो. पुस्तिकेत सांगितलेल्याच मापाचे आणि ग्रेडचे चार-पाच शिअर बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवावेत.

कापणीआधी ओळीतून पायी एक चक्कर मारणं चुकवू नये. गेल्या बहाराचे टेकूचे बांबू, ठिबकच्या सुटलेल्या नळ्या, दगड, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची पडलेली तार, हे सगळं गवतात लपलेलं असतं. दगड गोफणीतल्यासारखा सुटतो, म्हणून पुढच्या-मागच्या साखळ्या किंवा रबरी पडदे शाबूत हवेत आणि कापणी चालू असताना बागेत दुसरं कोणी नको. तार पात्याच्या मधल्या दांड्याला गुंडाळली जाते आणि गिअरबॉक्सचं खालचं ऑइल सील कापते. तेल गळून गेल्याचं कळतं तेव्हा दातऱ्या निळ्या पडलेल्या असतात. कापणीची उंची तीन-चार इंच ठेवा. त्याहून खाली गेलात तर पातं माती आणि गोटे उचलतं. गवत दाट असेल तर गिअर कमी करा, रेस कमी करू नका, नाहीतर पातं गवत कापण्याऐवजी ओढतं आणि गुंडाळतं.

खोडापासून दोन-अडीच फूट दूरच राहावं. तिथलं गवत विळ्यानं काढलेलं बरं. स्लॅशरच्या कडेनं साल सोलली गेली की त्या जखमेतून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) शिरतो, आणि दहा वर्षं जपलेलं झाड वाळत जातं. जखम झालीच तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि 10 लिटर पाणी असा बोर्डो मलम त्याच दिवशी लावावा. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवावेत, लोखंडी बादली वापरू नये.

नाल्याचा काठ जितका खोल, तितकं अंतर काठापासून सोडावं. पावसाळ्यानंतर काळी माती काठावर आतून ओली असते आणि वजनानं खचते. उतारावर आडवं न चालता वर-खाली चालावं. आणि लेकरांना मडगार्डवर बसवून बागेत नेण्याचा लाड थांबवावा. ट्रॅक्टरला सीट एकच असते, आणि मडगार्डवरून घसरलेलं पोर मागच्या चाकाखाली किंवा स्लॅशरपुढं पडतं.

मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार वाढले, तेव्हा 1983 साली केंद्रानं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्याच कायद्यात इतर शेतीयंत्रं अधिसूचनेनं आणायची सोय आहे. स्लॅशरसाठी ती वापरावी. ते होईपर्यंत निदान महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवरून अनुदान घेतलेल्या यंत्राच्या मोका तपासणीत शाफ्टचं कव्हर, साखळ्या आणि मराठी पुस्तिका आहे का, हे बघितलं जावं. विक्रेत्यांनी सिंगल क्लचच्या गिऱ्हाइकाला कपलरबद्दल विकतानाच सांगावं, ही आमची कळकळीची विनंती आहे.

एवढं करूनही बोट तुटलंच, तर स्वच्छ कापडानं जखम घट्ट दाबून हात वर धरा आणि 108 ला फोन करा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, त्याला हळद किंवा चुना लावू नका, आणि ते जखमी माणसाबरोबरच दवाखान्यात पाठवा.

आपले,
संत्रा बागायतदार व ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करणारे काही जण,
ता. वरुड, जि. अमरावती